घरची तूर विकून दुकानची डाळ: किराण्याचं बिल नेमकं कुठे फुगतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातलं सहा माणसांचं घर: नवरा-बायको, सासू-सासरे आणि दोन शाळकरी पोरं. पाच एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन, कापूस आणि तूर. दारात दोन जनावरं, रेशनकार्ड प्राधान्य गटाचं. गावातल्या दुकानात खातं आहे, महिन्याचं बिल आठ-नऊ हजारांवर जातं, आणि एक लिटरच्या तेलाच्या आठ पिशव्या संपतात. ताईंनी महिन्याची यादी करून पाहिली, आठवडाभर काय रांधायचं ते भिंतीवर लिहून लावलं, तरी बिल जागचं हललं नाही. मग चुकतंय कुठे, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, यादी चुकलेली नाही, ती तुमच्या घरासाठी नाही एवढंच. एक तारखेला पगार होणाऱ्याला महिन्याची यादी शोभते. आपल्याकडे पैसा येतो सोयाबीन निघाल्यावर, मग कापूस निघेल तसा, मग तूर विकल्यावर. आखाडात हात रिकामे असतात आणि खातं भरलेलं असतं. बचत गटांच्या बायकांना घरखर्च लिहायला शिकवणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम, आणि घरी शेतीही आहे. ज्या वह्या मी चाळते त्यांत बिल फुगण्याच्या जागा ठरलेल्या दिसतात. एक म्हणजे माल घरी आला तेव्हा खाण्यापुरतं मागे किती ठेवलं. दुसरी, रोज पोराच्या हाती दहा-वीस रुपये देऊन काय मागवलं. महिन्याची यादी या दोन्हींना हातच लावत नाही.

तुरीपासून धरू, कारण तुमच्या घरात सगळ्यात मोठी गंमत तिथेच आहे. जानेवारी-फेब्रुवारीत तुम्ही तूर पोत्यानं विकता आणि मार्चपासून डाळ किलोनं आणता. सहा माणसांना रोज पाव किलो डाळ धरली तरी वर्षाची नव्वद किलो झाली. शंभर किलो तुरीची चांगल्या मिनी दालमिलवर साधारण सत्तर किलो डाळ उतरते, घरच्या जात्यावर त्याहून कमी. म्हणजे वर्षाच्या वरणाला सव्वा ते दीड क्विंटल तूर मागे ठेवायला हवी. ठेवावी की विकावी, याचं गणित सोपं आहे: व्यापारी तुरीला किलोमागे जो भाव देतो त्याला ०.७ नं भागा आणि त्यात भरडाई मिळवा. क्विंटलला ७,००० मिळत असतील तर किलोला ७०, भागिले ०.७ म्हणजे १००, वर दहा रुपये भरडाई आणि जाणं-येणं धरा. घरची डाळ ११० रुपये किलोनं पडली. दुकानात तीच डाळ १३० ला असेल तर नव्वद किलोवर १,८०० रुपये राहिले, शिवाय चुनी आणि फोल जनावरांना मिळतात ते वेगळेच.

हे गणित दरवर्षी नव्यानं करायचं. २०२५-२६ च्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये होता. तुमची तूर खरंच त्या भावानं खरेदी केंद्रावर लागली, आणि म्यानमार-आफ्रिकेतून आलेल्या तुरीमुळे दुकानातली डाळ सव्वाशेच्या आत उतरली, तर घरची डाळही तेवढ्यालाच पडते. तशा वर्षी थोडीच भरडा, बाकी खुशाल विका. घरचं ते स्वस्तच, असं डोळे मिटून धरून चालू नका. पण बहुतेक घरांत प्रश्न गणिताचा नसतो. तूर निघते तेव्हाच कृषी केंद्राची उधारी डोक्यावर असते आणि सगळी पोती एकाच गाडीत चढतात. म्हणून खाण्याची दोन चुंगडी गाडी यायच्या आधीच आत नेऊन ठेवायची, त्यावर सासूबाईंचं लक्ष. हे काम त्यांच्याइतकं चोख दुसरं कोणी करत नाही.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं तयार केलेली पीकेव्ही मिनी दालमिल आपल्या भागात बऱ्याच बचत गटांकडे आणि तरुण पोरांकडे आहे. फेब्रुवारी ते मे त्यांचा हंगाम. नंबर लावायला उशीर केला की पाऊस येतो, तूर नीट वाळत नाही आणि चुराच जास्त निघतो. ही डाळ पॉलिश नसते, त्यामुळे शिजायला दुकानच्या डाळीपेक्षा जरा वेळ घेते. अर्धा तास भिजवून कुकरला लावली की तो फरक राहत नाही, गॅसही वाचतो.

आता साठवण, कारण मागे ठेवलेलं जपलं नाही तर विकलेलंच बरं. तुरीचा, मुगाचा, हरभऱ्याचा भुंगा घरात कुठून तरी उडत येतो असं आपल्याला वाटतं. पुष्कळदा तो शेतातूनच आलेला असतो. वाळत्या शेंगेवर मादी अंडी घालते, अळी दाण्याच्या आत शिरते आणि पोत्यात महिना-दीड महिन्यात भुंगे बाहेर पडतात. तो धरतो अख्ख्या दाण्याला, भरडलेल्या डाळीला फारसा नाही. म्हणून तूर अख्खी ठेवून लागेल तशी भरडण्यापेक्षा उन्हाळ्यातच एकदम डाळ करून ठेवलेली बरी. डाळ कडक उन्हात दोन-तीन दिवस द्यायची. दाताखाली दाणा कट् करून फुटला पाहिजे, दबला तर अजून ओल आहे. सावलीत आणून पुरती थंड होऊ द्यायची आणि मगच डब्यात भरायची. गरम डाळ भरली की झाकणाला आतून पाणी सुटतं आणि वरचा थर बुरसतो. किलोमागे चमचाभराहून कमी एरंडेल हाताला लावून डाळ चोळली की वर्ष निघतं. करताना धुऊन घ्यायची, एवढंच.

गव्हात किंवा तुरीत टाकायच्या ज्या गोळ्या कृषी केंद्रावर मागितल्या जातात, त्या राहत्या घरात आणू नका. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या त्या गोळ्यांतून हवेतल्या ओलाव्यानं फॉस्फीन वायू सुटतो. कोठी माजघरात असेल आणि लेकरं शेजारी झोपत असतील तर त्यानं माणसं दगावतात. गोदामासाठी, जाणकाराच्या हातानं वापरायची ती गोष्ट आहे. तसंच फवारणीच्या औषधाचा रिकामा कॅन कितीही धुतला तरी त्यात तेल नाही, पाणी नाही, धान्य नाही.

तुरीबरोबर हरभऱ्याचंही पाहा. घरी होत नसेल तर मार्चमध्ये शेजाऱ्याकडून अर्धा क्विंटल घ्या. डाळ करून त्यातली थोडी थोडी चक्कीवर दळून आणली की चुनाचं (पिठल्याचं), पातोडीचं, कढीचं पीठ घरचं झालं, आणि त्यात दुसरं काही मिसळलेलं नाही याची खात्री. मिरची फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्षाची घ्या. भिवापुरी परवडली तर उत्तम, नाही तर रंगाला एक आणि तिखटाला एक अशी मिसळून. देठं मोडून, हलवल्यावर आतलं बी वाजेपर्यंत वाळवायची आणि एकदम न कुटता तीन-चार महिन्यांची कुटून घ्यायची. हळद वायगावची मिळाली तर घ्या, रंग सोडते म्हणून थोडी पुरते. जवस, तीळ, फल्ली (शेंगदाणे) हे चटणीचं सामान घरात असलं की भाजी नसलेला दिवस निभतो. भाजी नाही म्हणून दुकानातून काहीतरी आणायचं, ही बिलाची फार जुनी वाट आहे.

आणि पेरताना थोडं. पूर्वी पराटीत, म्हणजे कपाशीत, तुरीच्या ओळीबरोबर मूग, बरबटी, अंबाडी, भेंडी असं खाण्यापुरतं पडायचंच. तणनाशक आलं तसं ते गेलं, कारण फवारा पराटी सोडून बाकी काही ओळखत नाही. सगळ्या वावरात नाही म्हणत मी. घराकडच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून चार ओळी निंदणावर ठेवा आणि तिथे फवारा नेऊ नका. तरोटा, घोळ, केना यांची भाजी पावसाळ्यात फुकट असते, पण तीही न फवारलेल्या जागेचीच खुडायची. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं काय झालं ते आपण पाहिलंय, ज्यादा सांगायची गरज नाही.

सोयाबीनही घरचंच आहे. कच्चं दळून कणकेत मिसळू नका, पोटाला बाधतं. उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं शिजवून, कडक वाळवून, किलोभर गव्हाला शंभर ग्रॅम एवढंच घालून दळायचं. यानं बिल फार उतरत नाही, पण पोरांच्या पोळीला जरा जोर येतो.

आता तेल. आठ पिशव्या म्हणजे आठ लिटर, आणि तेलाचा लिटर भरतो ९१० ग्रॅम, म्हणजे महिन्याला ७ किलो २८० ग्रॅम. सहा माणसांत तीस दिवस वाटलं तर माणशी रोज ४० ग्रॅम पडतं. बैठं किंवा मध्यम मेहनतीचं काम असणाऱ्याला २० ते ३० ग्रॅम पुरे, असं पोषणशास्त्र सांगतं. डवरा धरणाऱ्या गड्याला चाळीस चालेल, पण सासूबाई आणि पोरं धरून सगळ्यांना चाळीस म्हणजे फार झालं. सहा लिटरवर यायला तुम्हाला काही सोडावं लागणार नाही. दर सोमवारी एका बाटलीत साधारण एक लिटर चारशे मिली काढून ठेवा, आणि तेवढ्यावर पुढचा सोमवार गाठायचा. पहिल्या आठवड्यात बाटली शुक्रवारीच रिकामी होईल. झाली तर झाली, कुठे गेलं ते तरी कळेल.

बहुतेक घरांत ते तीन ठिकाणी गेलेलं असतं: तळणात, पोळीला वरून लावण्यात आणि तर्रीत. तर्रीशिवाय रस्सा ताटात आला तर आपल्याकडची माणसं ताटाकडं कशी बघतात ते मला माहीत आहे, तेव्हा तर्री बंद करा असं मी सांगणार नाही. पण तर्री दिसायला तेल ओतावंच लागतं असं नाही. कांदा-खोबऱ्याचं वाटण मंद आचेवर, कडेनं तेल सुटेपर्यंत परता. मग पाणी घालायचं ते उकळतं. थंड पाणी ओतलं की तेल मसाल्यातच अडकून बसतं, वर काही येत नाही, आणि मग आपण आणखी एक पळी टाकतो. उकळतं पाणी घालून झाकण अर्धवट ठेवून दहा मिनिटं उकळू द्या, लाल तवंग आपोआप वर येतो. दोन पळ्यांचं काम सव्वा पळीत होतं. तळणाला छोटी कढई घ्या. पसरट कढईत बुड झाकायलाच पाव लिटर जातं. उरलेलं तळणाचं तेल गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवा. काळं पडेपर्यंत त्यातच पुन्हा तळत बसू नका.

टिन घेणार असाल तर त्यावर लिटर लिहिलंय की किलो ते वाचा. पंधरा लिटरच्या टिनात १३ किलो ६५० ग्रॅम तेल असतं, पंधरा किलोच्या टिनात पंधरा किलो. भाव सांगताना दोघांनाही नुसतं 'पंधराचा डबा' म्हणतात. आणि सुटं तेल नकोच.

आता अन्न वाया जाण्याचं. गावात कोणालाही विचारा, तुमच्याकडे अन्न वाया जातं का? उत्तर ठरलेलं: 'छे, जनावरं खातात ना!' यामुळेच आपल्याकडे नासाडी कोणाला दिसत नाही. रोज पाच पोळ्या उरल्या आणि टोपल्यात पडल्या, तर पोळीला ३५ ग्रॅम कणीक धरून महिन्याला सव्वापाच किलो गहू गेला. त्यावर दळणाचे पैसे, तेल, गॅस आणि तव्यापुढे बसलेल्या बाईचा वेळ. कुटार आणि ढेप यांच्या पुढे हा चारा भलताच महाग आहे, आणि जनावराला तो मानवतोही असं नाही. शिजलेलं धान्य एकदम जास्त पोटात गेलं की रवंथाच्या पोटात आम्ल वाढतं, जनावर चारा सोडतं, बसून राहतं, कधी दगावतं. लग्नाच्या पंगतीनंतर भाताचं घमेलं गाईपुढं ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर शोधत फिरावं लागलं, असं कितीतरी गावांत घडतं.

आठ दिवस जनावरांच्या टोपल्याशेजारी एक वही लटकवा. टाकताना काय टाकलं तेवढं लिहायचं: चार पोळ्या, वाटीभर वरण, रात्रीचा भात. कोणाला बोलायचं नाही, रागवायचं नाही. आठ दिवसांनी दिसतं की उरतं ते सगळं एकाच वेळेचं असतं. बहुतेक घरांत रात्रीचं, कारण कोण जेवणार ते संध्याकाळी ठरलेलं नसतं. हरभरा-गहू उभा असताना जागलीला जाणारा माणूस जेवून जाणार की डबा नेणार, हे दुपारीच विचारायचं. वेचणीच्या दिवसांत दमून आल्यावर पोरं अर्धी पोळी खाऊन झोपतात, तेव्हा त्या दिवसांत पोळ्या मोजून दोन कमी करायच्या. कमी पडलंच तर मुरमुरे आहेत, चून आहे, दहा मिनिटांत होतं. कमी पडेल या भीतीनं रोज चार जास्त करण्यापेक्षा महिन्यात एखाद्या वेळी दहा मिनिटं पुन्हा चूल पेटवलेली स्वस्त.

उरलंच तर रात्रीच्या पोळीचा सकाळी कुस्करा, वरणात कणीक भिजवून दशम्या, नाहीतर वरण पातळ करून त्यात चिकोल्या. भाताचं मात्र सांभाळून. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. त्या उकाड्यात दुपारचा भात उघडा ठेवून रात्री खाल्ला तर पोट बिघडतं, आणि गरम केल्यानं ते टळत नाही, कारण भातात वाढलेल्या जंतूंचं विष उकळूनही जात नाही. तो भात वाचवायच्या फंदात पडू नका, लावतानाच मूठभर कमी लावा. बुरशी आलेल्या फल्लीचंही तसंच. निवडून, धुऊन, भाजून विष जात नाही, टाकूनच द्यायची. हिरवे पडलेले आलूही नकोत.

बाजाराच्या दिवशी भाजी कमी आणायची, असं सगळे सांगतात. मी म्हणेन, लागेल तेवढी आणा, पण कोणती आधी संपवायची ते ठरवून. पहिले दोन दिवस पालेभाजी आणि सांबार (कोथिंबीर), मग भेंडी-गवार, मग वांगी आणि पत्ताकोबी, शेवटी कोहळं-आलू-कांदा. सहाव्या-सातव्या दिवशी चून, मुगवड्या, कढी. उलटं झालं, म्हणजे बाजारातून आल्याबरोबर सोपं म्हणून आलू रांधले, की चौथ्या दिवशी मेथीची जुडी पिवळी. उठत्या बाजारात भाव पडतो हे खरं, पण पडलेल्या भावानं दोन जुड्या जास्त आणून वाळवल्या नाहीत तर उपयोग काय? हिवाळ्यात मेथी, हरभऱ्याचा पाला, गवार सावलीत वाळवून ठेवा. जुलैत भाजीचे भाव बघून त्याची किंमत कळते. कांदा आणि आलू एका टोपल्यात ठेवू नका, दोन्ही लवकर खराब होतात.

उन्हाळ्यात भाजी टिकवायला मोठ्या गंजात (पातेल्यात) ओली वाळू, त्यात मडकं, मडक्यात भाजी आणि वरून ओलं बारदान, इतकं पुरतं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं विटांच्या दोन भिंतींमध्ये वाळू भरून, विजेशिवाय चालणारं जे थंड कपाट केलं, त्यातही हेच तत्त्व आहे. पाणी वाफ होताना उष्णता ओढून घेतं. आपली एप्रिल-मेची हवा कोरडी, म्हणून ते झकास चालतं. श्रावणात चालत नाही, तेव्हा हवेतच पाणी असतं.

रेशनचं थोडं बोलू, कारण तुमच्या कार्डावर माणशी ५ किलोप्रमाणे महिन्याला ३० किलो धान्य बसतं, आणि १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. सहा माणसांच्या पोळी-भाताचा निम्मा-अर्धा भार यानं उचलला पाहिजे. पण होतं असं की जाडा तांदूळ पोरं खात नाहीत म्हणून तो दारावर येणाऱ्याला दहा-पंधरा रुपयांनी जातो आणि दुकानातून पन्नासचा बारीक येतो. असं विकणं कायद्यात बसत नाहीच, तोट्याचंही आहे. भाताला बारीक हवाच असेल तर जाडा पिठासाठी ठेवा: आयते, धिरडे, तांदळाचे पापड, चकलीची भाजणी. भिजवून उडदाबरोबर वाटला तर कोणाला कळतही नाही.

त्या तांदळात कधीकधी वेगळे दिसणारे, जरा पिवळट, पाण्यात तरंगणारे दाणे असतात. प्लास्टिकचा तांदूळ म्हणून बायका ते तासभर बसून वेचून फेकतात. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून केलेले दाणे आहेत, शंभर किलोत किलोभर. वेचायचे नाहीत, धुतानाही जाऊ द्यायचे नाहीत. घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचं कोणी असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून घ्या. अंगठा लावल्यावर पावती निघते, ती मागून घ्या आणि त्यावरचे किलो वाचा.

आता रोजच्या पुड्या. साखर आधी: सहा माणसं, तीन वेळा चहा, कपाला दोन चमचे म्हणजे दहा ग्रॅम धरले तर महिन्याला ५ किलो ४०० ग्रॅम. दोनाचा दीड चमचा केला की सव्वा किलोहून जास्त वाचली आणि चहाला काही झालं नाही. पोरांचं पाकीट रोज दहाचं, दोघांचे महिन्याला सहाशे. पाकिटात पंचवीस ग्रॅम असले तरी तो माल ४०० रुपये किलोनं पडतो. एकदम बंद केलं तर घरात भांडण होतं आणि आजोबा लपून देतात. बाजाराच्या दिवशी एक, बाकी दिवस फुटाणे, मुरमुऱ्याचा चिवडा, फल्ली-गूळ, आणि हे आजोबांच्याच हातून द्यायचं. चहापत्ती, जिरं, साबण यांच्याही लहान पुड्या घेऊ नका. पाकिटावर हल्ली प्रति ग्रॅम किंमत छापलेली असते, ती बारीक ओळ वाचायची सवय शाळकरी पोराला लावा. त्याला मजा वाटते आणि आपल्याला चष्मा शोधावा लागत नाही.

कुठून घ्यायचं? छापील पाकिटातल्या डाळ-तांदूळ-पिठावर २५ किलोपर्यंत १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही. तेव्हा डाळ-पोह्यासारखं, डोळ्यांनी पारखता येतं ते सुटं घ्या. साखरेचं पोतं आणि पोह्याचा कट्टा गटातल्या पाच-सहा जणींनी मिळून तालुक्याहून आणावा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा या खरेदीला घरच्या गड्यापेक्षा तुम्ही गेलेलं परवडतं. मसाले, चहा असलं ज्याच्या त्याच्या आवडीचं सामान मिळून आणू नका. वाटणीवरून गट फुटलेले मी पाहिले आहेत.

पण गावचं दुकान सोडू नका. आखाडात, दवाखान्याच्या वेळी, घरी पाहुणा आल्यावर उधार देणारा तोच असतो. त्याच्याकडे रोज लागणारं रोखीनं घ्या. खात्यावर फक्त तेल, साखर, चहा, मीठ आणि साबण, आणि तेही घरातल्या एकाच माणसाच्या सांगण्यावरून. आज पाच जण येऊन लिहून जातात आणि महिनाअखेर कोणालाच आठवत नाही. जुनी बाकी महिन्याला पाचशे-पाचशे देऊन फिटत नाही, कारण तेवढंच नवीन चढत राहतं. सोयाबीन विकलं त्याच आठवड्यात, दिवाळीच्या खरेदीआधी, एकरकमी द्या. एकरकमी देताना उधारीचा वाढीव दर कमी करून मागायला लाजू नका, रोख समोर दिसली की दुकानदार चार पैसे सोडतो. पैसे दिल्यावर त्याच्या वहीत त्याच्याच हातानं रेघ मारून घ्या, खाली तारीख आणि सही, आणि त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.